आईच्या अन्ननलिकेचे ऑपरेशन : दुर्बिणीने की छाती उघडून?

पत्र : डॉक्टर, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. माझ्या आईला, वय ६२, दिवाळीपासून घास अडकल्यासारखे होत होते. आधी भाकरी अडू लागली, मग भात, शेवटी पेजसुद्धा. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या मधल्या भागात गाठ निघाली आणि बायोप्सीत स्क्वॅमस प्रकारचा, म्हणजे आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा कॅन्सर असल्याचे कळले. पेट स्कॅनमध्ये तो इतरत्र पसरलेला दिसला नाही. पाच आठवडे शेक (रेडिएशन) आणि दर आठवड्याला केमो असे उपचार पूर्ण होऊन पंधरा दिवस झाले. आता तिला भात गिळता येतो, म्हणून ती विचारते की ऑपरेशन कशाला? एका रुग्णालयात छाती उघडून करू म्हणाले, दुसऱ्यात दुर्बिणीने, तिसऱ्यात रोबोने. पण रोबोचे अडीच लाख रुपये जादा. भाऊ त्यासाठी विहिरीजवळची अर्धा एकर जमीन विकायला निघाला आहे. मामा म्हणतात, गाठीला चाकू लागला की ती पसरते. आईचे वजन ४९ किलोवरून ३८ वर आले आहे. तिला बीपी नाही, शुगर नाही, कसले व्यसन नाही, फक्त मिश्री लावते. पंचवीस वर्षांपूर्वी तिच्या छातीत उजव्या बाजूला पाणी झाले होते आणि तेव्हा टीबीची औषधे घेतली होती. तिचा स्वतःचा एकच प्रश्न आहे, पुन्हा भाकरी खाता येईल का?

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. ज्या वाक्यावर निर्णयाचा मोठा भाग अवलंबून आहे, ते तुम्ही शेवटी आणि ओघात लिहिले आहे : उजव्या छातीत झालेले पाणी. त्याकडे मी येतोच. पण त्याआधी घरात जो शब्द सगळे वेगवेगळ्या अर्थाने वापरत असावेत, तो स्पष्ट करून घेऊ.

आपल्याकडे ‘दुर्बीण’ हा शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरतात. तोंडातून नळी घालून अन्ननलिका आतून पाहतात ती तपासणीही दुर्बीण, आणि छातीला व पोटाला लहान छिद्रे पाडून कॅमेऱ्याच्या मदतीने करतात ते ऑपरेशनही दुर्बिणीचेच. त्यामुळे नातेवाइकांपैकी अनेकांचा समज असा होतो की तोंडातूनच गाठ खरवडून काढतील आणि दोन दिवसांत घरी सोडतील. अगदी सुरुवातीच्या, फक्त आतल्या अस्तरात असलेल्या कॅन्सरमध्ये तोंडातून उपचार करता येतात. परंतु ज्या गाठीमुळे पेजही अडत होती ती त्या टप्प्यातली नाही.

तुमच्या आईचे ऑपरेशन दुर्बिणीने झाले तरी आतले काम तेवढेच मोठे असते. अन्ननलिका सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची असून ती मणक्याच्या पुढे, श्वासनलिकेच्या आणि हृदयाच्या मागे अशा अडचणीच्या जागी असते. मधल्या भागातल्या गाठीसाठी बहुतेक वेळा तीन ठिकाणी काम करावे लागते : उजव्या छातीतून अन्ननलिका आणि तिच्याभोवतीच्या लसीका गाठी (लिम्फ नोड) सोडवायच्या, पोटातून जठर मोकळे करून त्याची लांबट नळी शिवायची, आणि ती नळी छातीतून वर नेऊन मानेत उरलेल्या अन्ननलिकेला जोडायची. यास पाच ते आठ तास सहज लागतात. छाती उघडून करताना बरगड्यांमध्ये लांब छेद घेऊन त्या फाकवाव्या लागतात. दुर्बिणीत त्याऐवजी अर्ध्या ते एक सेंटीमीटरची चार-पाच छिद्रे पुरतात. मानेवरचा छेद दोन्ही पद्धतींत असतोच.

मग फरक कशाने पडतो? फुप्फुसांमुळे. बरगड्या फाकवल्यावर पुढचे कित्येक दिवस इतके दुखते की रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गंभीर गुंतागुंतींत फुप्फुसांचा वाटा फार मोठा असतो. नेदरलँड्स, स्पेन आणि इटलीतील रुग्णालयांनी मिळून ११५ रुग्णांवर केलेली तुलना २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा जंतुसंसर्ग छाती उघडलेल्यांपैकी २९ टक्के रुग्णांना झाला, तर दुर्बिणीने केलेल्यांपैकी ९ टक्के रुग्णांना. तीन वर्षांनंतर पाहिले तेव्हा जिवंत राहण्याच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत ठाम म्हणावा असा फरक नव्हता. म्हणजे दुर्बिणीने कॅन्सर अधिक चांगला बरा होतो असे कोणी सांगत असेल तर ते आज सिद्ध नाही, आणि दुर्बिणीने गाठ नीट निघत नाही असे कोणी म्हणत असेल तर तेही खरे नाही. तिचा लाभ आहे तो ऑपरेशनानंतरचे पहिले काही आठवडे कमी त्रासात निभावण्याचा. ३८ किलो वजनाच्या, चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बाईसाठी तो लाभ लहान नाही.

या पद्धतीत भारतीयांचे काम मोठे आहे. कोइंबतूरचे डॉ. सी. पलानिवेलू यांनी रुग्णाला पालथे झोपवून छातीतला भाग दुर्बिणीने करण्याचा १३० रुग्णांचा अनुभव २००६ मध्ये मांडला. पालथे झोपवले की फुप्फुस आणि हृदय स्वतःच्या वजनाने पुढे ओघळतात, रक्त कामाच्या जागी साचत नाही आणि अन्ननलिका समोर मोकळी दिसते. वर सांगितलेल्या युरोपातील तुलनेतही दुर्बिणीच्या गटातील रुग्णांना पालथेच ठेवले होते. त्यामुळे ‘आईला पालथे झोपवणार आहेत’ असे कोणी सांगितले तर घाबरू नका.

आता छातीतल्या पाण्याविषयी. टीबीमुळे छातीत पाणी होऊन गेले की ते सुकताना फुप्फुस अनेकदा छातीच्या आतल्या आवरणाला चिकटते. दुर्बिणीला काम करायला फुप्फुस बाजूला सरून मोकळी जागा व्हावी लागते. जिथे फुप्फुस भिंतीला घट्ट चिकटलेले असते तिथे जागाच होत नाही, आणि ओढाताण केली तर फुप्फुसाला इजा होऊन हवा गळत राहते. चिकटलेला भाग पातळ असेल तर अनुभवी सर्जन तो दुर्बिणीतूनच सोडवतात. जाड असेल तर छाती उघडणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. तीन रुग्णालयांनी तीन निराळे सल्ले का दिले, याचे एक कारण हेही असू शकते की कोणाला ही गोष्ट कळली आणि कोणाला कळलीच नाही. म्हणून जुना एक्स-रे, टीबीच्या औषधांचे कार्ड, जे काही ट्रंकेत सापडेल ते शोधा आणि पुढच्या भेटीत सर्जनसमोर ठेवा. नवीन सीटी स्कॅन याच दृष्टीने पुन्हा पाहायला सांगा आणि श्वासाची क्षमता मोजणारी चाचणी झाली नसेल तर ती करून घ्या.

छातीतले काम उघडून करावे लागले तरी सगळा लाभ हातचा जात नाही. पोटातले काम दुर्बिणीने आणि छातीतले उघडून अशी मिश्र पद्धतही आहे. फ्रान्समध्ये २०७ रुग्णांवर झालेल्या तुलनेत, जी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, दोन्ही बाजूंनी उघडलेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांना मोठी गुंतागुंत झाली, तर मिश्र पद्धतीत हे प्रमाण ३६ टक्के होते. त्याचप्रमाणे, दुर्बिणीने सुरू केलेले ऑपरेशन मध्येच उघडावे लागले तर त्याला अपयश समजू नका. कुठे थांबायचे हे ज्याला कळते, अशा सर्जनच्या हाती मी माझ्या घरचे माणूस अधिक निर्धास्तपणे सोपवीन.

रोबोसाठी जमीन विकू नका. एवढे स्पष्ट मी या सदरात क्वचित लिहितो, म्हणून कारणही सांगतो. रोबो स्वतः ऑपरेशन करत नाही. सर्जनच शेजारच्या आसनावर बसून त्याचे हात चालवतो, त्याला चित्र त्रिमितीय दिसते आणि अवजारांची टोके मनगटासारखी वळतात. मानेजवळच्या अरुंद जागेतील लसीका गाठी काढताना याची सोय होते, हे सर्जन म्हणून मी मान्य करतो. नेदरलँड्समधील उत्रेख्त येथील ज्या तुलनेचा दाखला नेहमी दिला जातो, तिच्यात रोबोची तुलना छाती उघडून केलेल्या ऑपरेशनशी होती, साध्या दुर्बिणीशी नव्हे. चीनमध्ये रोबो आणि साधी दुर्बीण समोरासमोर ठेवून पाहिली, तेव्हा रोबोने वेळ कमी लागला, पण एकूण गुंतागुंतींचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. तुमच्या भावाची माया मला कळते. परंतु ऑपरेशनानंतरचे वर्षभर आईला दूध, अंडी, तपासण्या आणि प्रवास यांसाठी जो पैसा लागणार आहे, तो त्या विहिरीजवळच्या जमिनीतूनच यायचा आहे.

रुग्णालय निवडताना मी यंत्राऐवजी माणसांची चौकशी करीन. सर्जनला सरळ विचारा की गेल्या वर्षभरात तुमच्या पथकाने अन्ननलिका काढण्याची किती ऑपरेशने केली, त्यांतील किती जणांचा अन्ननलिका आणि जठर यांचा जोड गळला, किती जण दगावले. हे प्रश्न उद्धट नाहीत आणि जाणता सर्जन त्यांची उत्तरे आकड्यांत देतो. नेदरलँड्समध्ये २०११ पासून वर्षाला किमान २० अशी ऑपरेशने होत नसतील त्या रुग्णालयाला ती करू देत नाहीत, कारण पथकाचा सराव आणि रुग्णाचा जीव यांचा संबंध वारंवार दिसून आला आहे. आपल्याकडे असे बंधन नाही, म्हणून ती चौकशी कुटुंबालाच करावी लागते. त्याबरोबर हेही विचारा की रात्री अतिदक्षता विभागात कोण असते आणि श्वासाचे व्यायाम घेणारे फिजिओथेरपिस्ट रोज येतात का. तिसऱ्या रात्री दोन वाजता ताप आणि वाढलेली नाडी पाहून जोड गळत असावा अशी शंका ज्याला येते, त्याच्यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा आणि कोणती पद्धत योजनेत बसते हे दाखल होण्यापूर्वीच विचारा. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात जायचे ठरल्यास राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन येथे आधी चौकशी करून मगच गाडीत बसा.

आईच्या प्रश्नाला, म्हणजे गिळता येते आहे तर ऑपरेशन कशाला, या प्रश्नाला मी हट्ट म्हणणार नाही. तिला मिळाले तसे उपचार, म्हणजे पाच आठवडे केमो आणि त्यासोबत रेडिएशन, ज्या डच अभ्यासामुळे रुळले त्यात स्क्वॅमस प्रकारच्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या काढलेल्या अन्ननलिकेत कॅन्सरची एकही पेशी सापडली नव्हती. उरलेल्या निम्म्यांत सापडली होती. घास उतरू लागला याचा अर्थ गाठ आक्रसली. ती संपली की नाही हे गिळण्यावरून कळत नाही. जिथे तपासण्यांत काहीच सापडले नाही अशा रुग्णांना लगेच ऑपरेशन न करता बारकाईने नजरेखाली ठेवण्याचा प्रयोगही नेदरलँड्समध्ये झाला. त्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की दोन वर्षांनी नजरेखाली ठेवलेल्यांपैकी ७४ टक्के आणि ऑपरेशन केलेल्यांपैकी ७१ टक्के रुग्ण जिवंत होते. मात्र नजरेखालच्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत रोग त्याच जागी पुन्हा दिसला. शिवाय त्यांतील बहुसंख्य रुग्ण अन्ननलिकेच्या खालच्या भागातल्या, निराळ्या प्रकारच्या कॅन्सरचे होते, आणि पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी बायोप्सीसह एंडोस्कोपी व स्कॅन हे त्या पद्धतीचे मूळ आहे. ‘बरे वाटते आहे, बघू पुढे’ असे म्हणून गावी राहणे म्हणजे नजरेखाली ठेवणे नव्हे. तपासण्यांत काहीच उरलेले नाही असे निघाले तर हा पर्याय डॉक्टरांसमोर अवश्य काढा, पण सांगलीहून वर्षभर तारखा पाळणे जमेल का, याचा प्रामाणिक विचार करूनच. थोडासाही रोग उरलेला दिसला तर ऑपरेशन टाळू नये, असे माझे मत आहे.

मामांचे म्हणणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, आणि त्यामागे अनुभव आहे, अर्थ मात्र चुकीचा लावला गेला. स्कॅन नव्हते त्या काळात पोट उघडल्यावरच कळायचे की रोग आधीच सर्वत्र पोहोचला आहे; चार महिन्यांनी रुग्ण गेला की दोष चाकूवर यायचा. तुमच्या आईचा पेट स्कॅन आधी झालेला आहे आणि ऑपरेशनापूर्वी पुन्हा होईल. त्यात रोग पसरलेला दिसला तर कोणताही जबाबदार सर्जन चाकू हाती घेणारच नाही, हे मामांना तुम्ही डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकवा. त्यांना सोबत घेऊन जा. बाहेर बाकावर बसवू नका.

रेडिएशन संपल्यानंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी ऑपरेशन करतात, काही वेळा बारा आठवड्यांपर्यंतही थांबतात. म्हणजे तुमच्या हातात किमान महिनाभर आहे, आणि हा महिना तारखेची वाट पाहण्यात घालवू नका. मिश्री आजच बंद करा. ‘कसले व्यसन नाही, फक्त मिश्री’ हे वाक्य मी तीस वर्षे ऐकतो आहे. तंबाखू खाता का असे विचारले की बायका नाही म्हणतात, कारण मिश्री ही त्यांच्या लेखी दात घासण्याची पूड असते. ती भाजलेली तंबाखूच आहे, हिरड्यांवाटे तिचे विष अंगात भिनते आणि या कॅन्सरच्या कारणांत तंबाखू पुढच्या रांगेत आहे. बंद केल्यावर चार-आठ दिवस चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही, डोके दुखेल. त्यासाठी डॉक्टरांकडे औषध मागा, तिला रागावू नका. दात किडलेले असतील तर आताच दाखवा, कारण तोंडातले जंतू ऑपरेशनानंतर फुप्फुसात उतरतात. श्वासाच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे यंत्र औषधांच्या दुकानात मिळते. जागेपणी तासातासाला दहा वेळा चेंडू वर ओढायला लावा, आणि रोज सकाळ-संध्याकाळ दम लागेपर्यंत चालवा. चूल पेटवण्याचे काम सध्या दुसऱ्या कोणाकडे द्या.

वजनाचा प्रश्न याहून अवघड आहे. ११ किलो वजन गेलेल्या शरीरात जोड भरून येण्याइतके बळ नसते. तिच्या वजनाला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि पेलाभर दुधात तेवढीच असतात, यावरून नुसत्या पेजेवर भागणार नाही हे तुमच्या लक्षात येईल. नाचणीच्या सत्त्वात दूध आणि तूप, घट्ट वरणात कुस्करलेला भात, मऊ उकडलेली अंडी, दही, शेंगदाण्याचे वाटण घातलेली पातळ आमटी असे दोन-दोन तासांनी थोडे थोडे द्या आणि दर सोमवारी एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा. दोन आठवड्यांत काटा हलला नाही तर ऑपरेशनाची वाट न पाहता नळीवाटे आहार सुरू करण्याविषयी विचारा. ऑपरेशनाच्या वेळीही बहुधा आतड्यात एक बारीक नळी ठेवतील आणि तिच्यावाटे काही आठवडे घरी पातळ आहार द्यावा लागेल; ती कशी धुवायची आणि बुजल्यास काय करायचे हे घरी येण्याआधी परिचारिकेकडून स्वतःच्या हाताने करून शिका.

पुढे जे होऊ शकते तेही आईला आधी सांगा. जोड गळणे हा यातला नेहमीचा धोका आहे. मानेतला जोड गळला तर बहुधा काही दिवसांत आपोआप भरतो, तोंडाने खाणे मात्र लांबते. स्वरयंत्राची नस दुखावली तर काही महिने आवाज बसतो. जोड आकसून घास पुन्हा अडू लागला तर तोंडातून नळी घालून तो रुंद करतात. त्याचा अर्थ कॅन्सर परत आला असाच असतो असे नाही. जठर छातीत गेल्यामुळे खालचे अन्न वर येण्याला अडवणारी झडप उरत नाही. म्हणून जेवल्यावर दोन-तीन तास आडवे व्हायचे नाही, झोपताना पलंगाचे डोके विटा लावून उंच ठेवायचे, आणि वाकून करायची कामे, म्हणजे खुरपणी, सारवण, पाण्याच्या कळश्या, ही कायमची दुसऱ्यांकडे द्यायची. गोड शिरा किंवा साखरेचा चहा घेतल्यावर घाम फुटून छातीत धडधडले तर घाबरायचे नाही. साखर कमी करून थोडे थोडे खाल्ले की ते बहुतेक थांबते.

आणि भाकरीविषयी : तिला सांगा की बहुधा खाता येईल, आधीसारखी नाही. सुरुवातीचे दोन-अडीच महिने पातळ आणि मऊ पदार्थांवर जातील. मग ज्वारीची भाकरी दुधात किंवा आमटीत पूर्ण भिजवून, कुस्करून, पाव भाकरीपासून सुरुवात करायची, प्रत्येक घास नीट चावायचा आणि पाणी जेवताना न पिता अर्ध्या तासाने प्यायचे. एका बैठकीला दोन भाकरी खाणे पुन्हा जमणार नाही. दिवसातून सहा वेळा बसून अर्धी-अर्धी खाणे पुष्कळ रुग्णांना जमते. शेजारणीबरोबर पंगतीला बसता येते, फक्त ताट लहान घ्यावे लागते.